सुतळी

तिचं नाव सुतळी. दोरीसारखी बारीक होती, म्हणून.
बॉम्बवरून नव्हे. पण किती जणांना सांगणार,
फायरिंग सुरू झालं की
आधी तीच फुटायची.

आम्ही विहितगावात राहतो, कॅम्पाच्या अलीकडे.
तोफखान्याचा सराव आम्हाला पाठ आहे:
धप्. मग खिडकीच्या काचेची कुरकुर.
मग वैजू म्हणणार, आज लवकर सुरू केलं यांनी.
कुकरची शिट्टी आणि तोफ
आमच्या घरात एकाच यादीत.

सुतळीच्या यादीत नव्हे.
ती पलंगाखाली, भिंतीला चिकटून,
स्वतःच्याच मुताच्या थारोळ्यात.
दोनदा पट्ट्याला धरून ओढून काढली.
तिसऱ्यांदा पेपरची गुंडाळी उगारली.
पद्धत माझ्या वडिलांची, फक्त त्यांच्याकडे
लेथचा जुना बेल्ट असायचा.
ती चावली नाही, गुरगुरलीही नाही.
मान आत घेतली आणि डोळे मिटले,
फटका कुठे बसणार ते आधीच ठरवून ठेवल्यासारखे.
ते मिटणं माझ्या ओळखीचं होतं.

कॅम्पात खुर्शीद मॅडम जनावरं बघतात.
पांढरा बॉबकट, हाताला कायम मलमाचा वास.
म्हणाल्या, "मारला तर ते बसायला नाय शिकत.
ते तुला शिकते."
आणि गोळ्या न देता चिठ्ठी लिहिली:
कोंबडीची कलेजी. उकडून.
करंगळीच्या नखाएवढे तुकडे.
धप् झालं की तुकडा.
धप् नाही, तुकडा नाही.

मी टर्नर आहे. सातपूरला, एकोणीस वर्षं.
एका दमात खोल कट घेतला
की जॉबही जातो, टूलही जातं,
हे नव्या पोरांना मीच सांगतो.
घरी येताना ते कार्डाबरोबर
गेटवर पंच करून ठेवत असणार.

तर सुरुवात मोबाईलवरच्या तोफेनं.
आवाज एक काडी. तुकडा.
एक काडी. तुकडा.
आठवडाभर एकच काडी, तेव्हा कुठे दुसरी.
नजर माझ्याकडे वळली की म्हणायचं, "हां!"
नेमकं त्याच क्षणी. उशिराचं "हां"
भलत्याच गोष्टीला जाऊन चिकटतं.
वैजू दारातून बघायची.
म्हणाली, लग्नाला सतरा वर्षं झाली,
एवढे "हां" मी ऐकले नाहीत.
मी हसलो. ती हसली नाही.

दिवाळीत सगळं वाहून गेलं.
पुन्हा पलंग, पुन्हा थारोळं.
मी फडकं घेतलं, पुसलं,
आणि मोबाईलचा आवाज
परत एका काडीवर आणला.

माघात एकदा वालदेवीच्या काठाने चाललो होतो.
खरी तोफ झाली. बगळे उडाले.
सुतळी थिजली, शेपूट पोटात,
आणि मग, एक, दोन, तीन मोजेपर्यंत,
वळून माझ्या खिशाकडे बघू लागली.
एवढंच. कोणी फोटो काढला नसता.
माझ्या तोंडून "हां" निघेना.

त्याच आठवड्यातली गोष्ट.
उर्वीने गणिताचा पेपर आणून
माझ्या ताटाशेजारी ठेवला. ऐंशीपैकी एकवीस.
मागचा पेपर मला माळ्यावर, बादलीत सापडला होता.
ह्या वेळी तिनं स्वतः आणला होता,
आणि मान आत घेऊन उभी होती.
डोळे अजून मिटायचे होते.

मी म्हणालो, "हां!"
सवयीनं. नेमक्या क्षणी.
आणि हात खिशात गेला.

कलेजीचा तुकडा माझ्या बोटांत,
उर्वी त्याच्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.
"पप्पा," ती म्हणाली, "मी कुत्रं आहे का?"
तुकडा कोणाला द्यावा ते मला कळेना.
सुतळी येऊन मधोमध बसली,
तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

एकवीस ते एकवीसच.
आता रोज रात्री दोन गणितं, तिसरं नाही.
खिशाचा वास धुऊन जात नाही,
कंपनीत पोरं नाक मुरडतात.
काल फायरिंग अंधार पडल्यावर सुरू झालं.
उर्वी वहीतून मान वर न काढता म्हणाली,
पप्पा, धप्.
आणि तिनेच तळहात पुढे केला,
तुकडा मागायला, सुतळीसाठी.